फोनच्या मुळावर

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. सकाळचे साडेनऊ. बाबा मुकाई चौकाकडे भाजी आणायला गेलेले, मी बाल्कनीत दुसऱ्या चहावर. रविवारचा आपला फंडा एकदम क्लिअर असतो. दहाच्या आत कोणी हाक मारायची नाही! तेवढ्यात बेल वाजली. दारात बाबा. हातात रिकामी पिशवी आणि चेहरा असा, की वाटलं वाटेत कुठे पडले-बिडले की काय.

"काय झालं बाबा?"

"तुझ्या त्या फोनला विचार."

झालं होतं असं. भाजीचे झाले १८० रुपये. बाबांनी ऐटीत फोन काढला, कोड स्कॅन करायला ॲप उघडलं, तर स्क्रीनवर इंग्रजीत एक वाक्य. सुरक्षेच्या कारणास्तव हे ॲप या फोनवर चालणार नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. फोन बंद करून चालू केला, तरी तेच. मागे चारजण खोळंबलेले. भाजीवाला भला माणूस. म्हणाला, "राहू द्या काका, उद्या द्या." पण आमचे बाबा म्हणजे कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस. वाण्याकडे कधी वही लावली नाही. त्यांनी पिशवी तिथेच रिकामी केली आणि तसेच परत आले.

"तू काय करून ठेवलायस रे ह्या फोनला?"

आता काय सांगणार? मंडळी, गुन्हा कबूल आहे. तो फोन मी 'रूट' केला होता.

रूट म्हणजे काय रे भाऊ?

ज्यांनी हा उद्योग कधी केला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. आणि लिनक्समध्ये सगळ्यात मोठ्या साहेबाचं नाव असतं 'रूट'. हा साहेब कुठलीही फाइल उघडू शकतो, बदलू शकतो, पुसूही शकतो. आपण दुकानातून फोन घेतो तेव्हा पैसे आपण भरतो, पण साहेब आपण नसतो. आपण फक्त पाहुणे. वॉलपेपर बदला, रिंगटोन बदला, पण स्वयंपाकघरात जायचं नाही. रूट करणं म्हणजे स्वयंपाकघराची किल्ली मिळवणं.

आमच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हे समजवायला एकदम सोपं आहे. सीएनसी मशीनच्या पॅनेलवर एक छोटी किल्ली असते. ती फिरवल्याशिवाय प्रोग्राम बदलता येत नाही. ऑपरेटर दिवसभर मशीन चालवतो, पण ती किल्ली असते सेटरकडे किंवा सुपरवायझरकडे. फोनचंही तसंच. फरक इतकाच, की मशीन कंपनीच्या मालकीचं असतं आणि फोन आपल्या.

मग प्रश्न पडतो, की आपल्याच फोनची किल्ली दुसऱ्याच्या खिशात का? माझ्या पिढीतल्या हजारो पोरांना हा प्रश्न पडला होता. मला तो पडला आईच्या एसएमएसमुळे.

चौकोनांची गोष्ट

साल २०१२. मी नुकताच रावेतला राहायला आलो होतो. आज बास्केट ब्रिजवरून गाडी काढताना विश्वास बसत नाही, पण तेव्हा आमच्या इमारतीच्या मागे ऊस होता आणि पत्ता सांगताना "आकुर्डी स्टेशनच्या पलीकडे" असं म्हणावं लागायचं. पहिल्या पगारातून, म्हणजे खरं तर चौथ्या, मी पहिला अँड्रॉइड फोन घेतला. स्वस्तातला. अँड्रॉइड २.३, म्हणजे जिंजरब्रेड. जाम खूश होतो. एकच लोचा होता. त्याला मराठी येत नव्हतं.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. जिंजरब्रेडवाल्या बऱ्याच फोनमध्ये देवनागरीचा फॉन्टच नसायचा. मराठी पेपरची साइट उघडली, की सगळीकडे चौकोनच चौकोन. त्यावर एक जुगाड प्रसिद्ध होता. ऑपेरा मिनी ब्राउजरमध्ये एक लपलेलं सेटिंग चालू केलं, की मराठी मजकूर चित्र बनून यायचा आणि वाचता यायचा. पण तो ब्राउजरपुरता. एसएमएसचं काय?

आईकडे होता साधा बटणांचा फोन, दीड-दोन हजारांचा. त्यात मराठी लिहिता यायचं! आई रोज दुपारी, घरची कामं आटपली, की एक मेसेज पाठवायची. माझ्या स्मार्टफोनवर दिसायचे वीस-पंचवीस चौकोन. मी ठरवून टाकलं होतं, की याचा अर्थ "जेवलास का?" आणि उत्तर टाकायचो, "ओके." सहा महिने हेच चालू. आई मराठीत, मी ओकेत.

फॉन्टची फाइल टाकली की काम होतं, हे मित्राकडून कळलं. पण ती टाकायची कुठे? सिस्टीमच्या फोल्डरमध्ये. आणि तिथे जायला लागतो रूट. म्हणजे आईचा मेसेज वाचायला आधी फोनचा साहेब व्हायला हवं!

सुट्टीचा दिवस निवडला. गुरुवार. आपल्याकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते, हे तुम्हाला माहीत आहे. आणि दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा लाडका वारसुद्धा गुरुवारच, हेही माहीत आहे. मला मात्र त्या दिवशी ते आठवलं नाही. डेस्कटॉपला केबलने फोन जोडला, रूटची फाइल निवडली, बटण दाबलं. निळी पट्टी अर्ध्यावर आली असेल-नसेल आणि... पंखा थांबला.

पीसी बंद. फोन काळा. बटण दाबलं, काही नाही. बॅटरी काढून घातली, काही नाही. या प्रकाराला 'ब्रिक होणं' म्हणतात, म्हणजे फोनची वीट होणं. रावेतला तेव्हा बांधकामं इतकी चालू होती, की आणखी एक वीट कोणाला जड झाली नसती. पण ही वीट साडेसहा हजारांची होती हो!

संध्याकाळी ती वीट घेऊन निगडी प्राधिकरणातल्या मित्राकडे गेलो. त्याच्याकडे यूपीएस होता. त्याने शांतपणे तीन बटणं एकत्र दाबून फोन डाउनलोड मोडमध्ये आणला, कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत चढवलं, मग रूट केलं, मग फॉन्ट टाकला. रात्री साडेअकराला फोन उठला. वैयक्तिक डेटाचा भाग वेगळा असतो, तो पुसला गेला नव्हता. आईचे सहा महिन्यांचे मेसेज जिथल्या तिथे होते. आणि आता ते चौकोन नव्हते.

मराठी होतं, पण मोडकंतोडकं. फॉन्ट होता, पण अक्षरं जोडायची अक्कल त्या जुन्या अँड्रॉइडला नव्हती. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर, जोडाक्षरं पाय मोडून पडलेली. तरी वाचता येत होतं. "जेवलास का" होतंच, बरेचदा. पण त्यातच दोन महिन्यांपूर्वीचा एक होता. "बाबांचं बीपी वाढलंय. गोळी चालू केली. चिंता नको. सवडीने फोन कर."

खाली माझं उत्तर होतं. "ओके."

त्या रात्री पावणेबाराला मी कोल्हापूरला फोन लावला. आईला वाटलं, मलाच काहीतरी झालंय.

कंपनी देईना, पोरं थांबेनात

तेव्हापासून मी रूटवाला झालो. पुढे कळलं, की अँड्रॉइड ४ मध्ये देवनागरी नीट जुळवून दिसते आणि २०१४ च्या ५.० लॉलिपॉपमध्ये तर आख्ख्या फोनची भाषा मराठी करता येते. म्हणजे इतरांना अपडेट म्हणजे नवे आयकॉन, आपल्याला अपडेट म्हणजे मायमराठी! पण स्वस्त फोनला अपडेट द्यायचे कोणी? गूगल नवी आवृत्ती काढणार, चिप बनवणारा ती आपल्या चिपवर बसवणार, मग फोनची कंपनी त्यात आपली भर घालणार, मग चाचण्या. एवढ्या खटाटोपापेक्षा कंपनीला नवा फोन विकणं सोपं.

ही पोकळी भरली हौशी मंडळींनी. २००९ मध्ये स्टीव्ह कोंडिक नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने 'सायनोजेनमॉड' सुरू केलं. अँड्रॉइडचा उघडा कोड घ्यायचा, सुधारायचा आणि फुकट वाटायचा. त्याच वर्षी गूगलने त्याला नोटीस पाठवली, की आमची ॲप यात घालू नका. गडी थांबला नाही. ॲप वगळून पुढे गेला. डिसेंबर २०१४ मध्ये हे प्रकरण थेट दिल्ली हायकोर्टात पोचलं. वनप्लस वन हा सायनोजेनवाला फोन भारतात येतो न येतो तोच मायक्रोमॅक्स म्हणाली, की भारतात सायनोजेनचे हक्क आमच्याकडे आहेत. मायक्रोमॅक्सचा 'यू युरेका' २०१५ च्या जानेवारीत ८,९९९ रुपयांना विकायला आला. ज्या सॉफ्टवेअरसाठी आम्ही रात्री जागवल्या, ते आता डब्यातूनच येत होतं! २०१६ च्या शेवटी सायनोजेनचा गाशा गुंडाळला गेला आणि त्याच कोडमधून 'लिनेज ओएस' उभं राहिलं. ते आजही चालू आहे.

मोठ्या कंपन्यांना जाग आली ती भीतीने. जुलै २०१५ मध्ये 'स्टेजफ्राइट' नावाची फट सापडली. नुसता एक एमएमएस पाठवून दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरता येईल अशी. ती शोधणाऱ्या झिम्पेरियम कंपनीच्या अंदाजाने ९५ कोटी फोन धोक्यात होते. पुढच्याच महिन्यापासून गूगलने दर महिन्याला सुरक्षेचे पॅच काढायला सुरुवात केली. २०१७ मध्ये 'प्रोजेक्ट ट्रेबल' आणून चिपचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळा केला, म्हणजे कंपन्यांना अपडेट द्यायला निमित्त उरू नये. २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि २०२४ मध्ये सॅमसंग एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटचं वचन मिळालं. युरोपात तर जून २०२५ पासून नियमच आला, की फोनची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट द्यायचे.

मग बाबांच्या फोनला काय झालं?

बाबांचा फोन २०१७ चा. कंपनीचा शेवटचा पॅच २०१९ चा. २०२२ मध्ये मी त्यावर लिनेज चढवलं, ताजे पॅच आले, वर रूट करून जाहिराती बंद केल्या. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, इथे दाबा' वगैरे बाबांना दिसूच नये म्हणून. मला वाटलं, काय झक्कास काम केलं!

पण या मधल्या काळात जग बदललं होतं. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि फोनचं पाकीट झालं. पाकिटाला कुलूप लागतं. म्हणून बँकांची ॲप उघडताना गूगलला विचारतात, हा फोन मूळ स्थितीत आहे का? या तपासणीचं आधीचं नाव सेफ्टीनेट, आताचं प्ले इंटिग्रिटी. ती बघते, की फोनचा बूटलोडर, म्हणजे चालू होतानाचा पहिला दरवाजा, बंद आहे का आणि सॉफ्टवेअर कंपनीने प्रमाणित केलेलं आहे का. रूटवाली मंडळी यावर लपवाछपवी करत आली. 'मॅजिस्क' नावाचं हत्यार त्यासाठीच प्रसिद्ध झालं. पण त्याचा निर्माता जॉन वू २०२१ मध्ये गूगलमध्येच नोकरीला लागला आणि लपवण्याची सोय त्याने मॅजिस्कमधून काढून टाकली. इतरांनी नवे उपाय शोधले, गूगलने ते बंद केले. मांजर-उंदराचा हा खेळ त्या रविवारी भाजीच्या गाड्यासमोर संपला. उंदीर हरला.

यातली गंमत म्हणा किंवा दुखणं म्हणा, ते असं. २०१९ नंतर एकही पॅच न मिळालेला, भोकं पडलेला फोन कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरवर असेल, तर तो बहुतेकदा पास होतो. आणि या महिन्याचा पॅच असलेलं लिनेज नापास! तपासणी फोन किती ताजा आहे यापेक्षा किल्ली कोणाकडे आहे, हे आधी बघते.

हे सगळं मी बाबांना तावातावाने सांगितलं. कंपन्या कशा आपल्याला विचारत नाहीत, आपल्याच वस्तूवर आपला हक्क कसा नाही वगैरे. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण मला एक सांग. हे सगळं करताना तू मला विचारलं होतंस का?"

मी गप्प.

"टूलरूममध्ये मशीनची किल्ली माझ्याकडे असायची. पण प्रोग्राम बदलला, की पुढच्या पाळीच्या ऑपरेटरला सांगून, वहीत लिहून जायचो. नाहीतर त्याचा हात जायचा की रे. तू किल्ली घेतलीस, प्रोग्राम बदललास आणि पाळी संपवून गेलास. मी आपला भाजीवाल्यासमोर उभा."

दहा वर्षं मी कंपन्यांवर जो आरोप करत होतो, तोच माझ्यावर लागू झाला. तोही माझ्याच डायनिंग टेबलवर.

तुम्ही करणार असाल तर...

रूट वाईट नाही, मंडळी. पण करण्याआधी एवढं बघा.

रोजच्या यूपीआयचा फोन रूट करू नका. हौस जुन्या, सुट्या फोनवर भागवा. बूटलोडर उघडला की फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, तेव्हा आधी बॅकअप. मॉडेल नंबर अक्षर-अक्षर जुळवा. भावाच्या मॉडेलची फाइल चुलतभावाला चालत नाही. 'एका क्लिकमध्ये रूट' म्हणणाऱ्या अनोळखी ॲपपासून लांब राहा. घराची किल्ली बनवायला देताना किल्लीवाला कोण आहे, हे बघतोच ना आपण? आणि काही गोष्टी परत फिरत नाहीत. सॅमसंगच्या नॉक्सवाल्या फोनमध्ये आत एक फ्यूज असतो, तो एकदा उडाला, की मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी जुळत नाही.

रूट करायचं नसेल तरी एक काम आज कराच. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. स्वतःच्या फोनची आणि आई-बाबांच्या फोनचीही. वर्ष-दोन वर्षं जुनी असेल, तर त्या फोनवर बँक ठेवायची का, हे त्यांच्याशी बसून ठरवा. सेकंडहँड फोन घेताना कॅमेऱ्याआधी ही तारीख बघा. नवा घेताना दुकानदाराला विचारा, की पॅच किती वर्षं मिळणार. तो आधी मेगापिक्सेल सांगेल. तुम्ही परत विचारा.

आमच्या घरचा तह असा झाला. बाबांनी स्वतः दुकानात जाऊन, पॅचची वर्षं विचारून, एक साधा नवा फोन घेतला. बँक त्यावर. त्याला मी हात लावायचा नाही. जुना, रूटवाला फोन त्यांनी टाकू दिला नाही. "ती किल्ली कुठे असते, ते मला दाखव," म्हणाले. आता भजनं आणि बातम्या त्यावर असतात. शेजारी एक वही असते. कोणत्या तारखेला काय बदललं, ते बाबांच्या सुवाच्य अक्षरात. भाजीवाल्याकडे त्या रविवारीच संध्याकाळी रोख पैसे घेऊन गेले आणि बाजूला ठेवलेली तीच भाजी घेऊन आले.

परवा ऑफिसात असताना त्यांचा फोन आला.

"जुन्या फोनला अपडेट आलंय. करू का?"

"बॅकअप घेतलाय?"

"घेतला. वहीत लिहिलाय."

"चार्जिंग किती?"

"ऐंशी टक्के."

सगळं व्यवस्थित होतं. तरी कुठेतरी पोटात पंखा थांबला.

"बाबा, आज वार कोणता?"

"गुरुवार. का रे?"

"मग उद्या करा."